प्रमाणपत्राचा खर्च कोणाचा? माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : शासकीय मोबाइल ॲपसाठी सुरक्षा प्रमाणपत्राची अट आणि त्यापायी अडलेली बिले

महोदय,

सविनय नमस्कार. कोल्हापुरातील राजारामपुरीत चार मुलांना हाताशी घेऊन मी मोबाइल ॲप तयार करण्याचा व्यवसाय करतो. एका स्थानिक स्वराज्य संस्थेसाठी आम्ही घरफाळा आणि पाणीपट्टी वसुलीचे ॲप केले. सुरक्षा तपासणीची फी तूर्त तुम्ही भरा, बिलातून परत मिळेल, असे काम देताना सांगण्यात आले होते. गेल्या आठवड्यात त्याच कार्यालयाचे पत्र आले की नव्या आवृत्तीचे प्रमाणपत्र पुरवठादाराने स्वखर्चाने सादर करावे, तोपर्यंत अंतिम बिल अदा करता येणार नाही.

तपासणीला आमची हरकत नाही. लोकांची नावे, पत्ते आणि थकबाकी ज्यात आहे ते ॲप ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतील संस्थेने तपासावे, यात वावगे काहीच नाही. रेंज नसलेल्या वाडीवर पावती फोनमध्येच साठवावी लागते, ती एन्क्रिप्ट करा, म्हणजे सांकेतिक रूपात ठेवा, ही त्यांची सूचना रास्त होती. स्क्रीनशॉट घेता येतो, रूट केलेल्या, म्हणजे मूळ संरक्षण काढून टाकलेल्या, फोनवर ॲप सुरू होते, हे मुद्देही आम्ही दुरुस्त केले, फेरतपासणी करून घेतली आणि लाखाच्या घरातली फी भरली. हे सारे चालू असताना त्याच ॲपच्या ॲडमिनचा पासवर्ड कार्यालयातील मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला होता, आणि आजही तो तिथेच आहे. निविदेत आमच्याकडून मागितलेल्या आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकात टेबलावर व पडद्यावर गोपनीय माहिती उघडी ठेवू नये असे कलम आहे. ते बहुधा फक्त पुरवठादारांसाठी असावे.

खरी अडचण पुढेच आहे. प्रमाणपत्र मिळाले ते ॲपच्या एका विशिष्ट बिल्डला, म्हणजे कोडपासून तयार झालेल्या एका ठरावीक फाइलला. त्यावर त्या फाइलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, छापलेला आहे आणि कोडमधले एक अक्षर बदलले तरी तो हॅश जुळत नाही. दुसरीकडे गूगलचा नियम असा की ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर द्यायची प्रत्येक सुधारणा अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी तयार केलेली असली पाहिजे, आणि ही अट दरवर्षी एक पायरी वर चढते. तेव्हा आम्ही नियमाप्रमाणे बिल्ड बदलला की कार्यालयाच्या लेखी ॲप असुरक्षित ठरते. आणि वापरातल्या एखाद्या लायब्ररीत, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडमध्ये, दोष सापडूनही आम्ही हात बांधून बसलो, तर ‘सुरक्षित’ असा शिक्का मात्र शाबूत राहतो. ही व्यवस्था सुरक्षिततेसाठी आहे की फायलीसाठी, हे आपणच ठरवावे.

सूक्ष्म व लघु उद्योगांची देयके जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावीत, असे २००६ चा कायदा सांगतो, आणि पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारले असे मानतो. आमचे ॲप कारकुनांच्या हातात पावत्या फाडत होते, वसुली जमा होत होती, हरकत कोणाचीच नव्हती. हरकत निघाली ती बिल टेबलावर गेल्यावर. मधल्या काळात मुलांचे पगार मी पतसंस्थेच्या कर्जातून भागवले. त्या कर्जाचा हप्ता कोणत्याही प्रमाणपत्रासाठी थांबत नाही. आमच्याकडचा सर्वांत जाणता मुलगा कंटाळून हिंजवडीला गेला. त्याच्या नव्या कंपनीकडे सीएमएमआय या कार्यपद्धतीच्या मानांकनाची पाचवी पातळी असल्यामुळे तो रातोरात प्रमाणित झाला, एवढेच समाधान.

कारण निविदांमध्ये आता सीएमएमआयची तिसरी पातळी सर्रास मागितली जाते. ती संस्थेची कार्यपद्धती मोजते, ॲप मोजत नाही. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत स्टार्टअपसाठी उलाढाल व अनुभवाची अट शिथिल करण्याची सोय आहे, परंतु एक दार उघडून दुसऱ्याला कुलूप घातल्यावर आत जायचे कुठून? मग कंत्राट पुण्या-मुंबईची मोठी कंपनी घेते आणि ॲप निम्म्याहून कमी पैशांत आमच्यासारख्यांकडून लिहून घेते. कागद त्यांचा, कोड आमचा. ही गोष्ट या धंद्यात कोणाला ठाऊक नाही, असे आपण कृपया म्हणू नये. कोल्हापूरच्या आयटी पार्कच्या घोषणा आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. तो उद्या उभा राहिलाच, तर त्यात बसण्यासाठी कोणती पातळी लागेल, तेही आजच जाहीर व्हावे.

मागणी साधी आहे. किरकोळ सुधारणेला संपूर्ण फेरतपासणी न लावता बदललेल्या भागापुरती तपासणी व्हावी, तिची फी कार्यालयाच्या अंदाजपत्रकातच धरावी आणि चालू असलेल्या ॲपचे बिल त्यापायी अडवू नये. मार्चअखेरच्या वसुलीच्या वेळी कार्यालयाला हे ॲप लागणारच आहे, आणि आमच्या प्रमाणपत्राची मुदत फेब्रुवारीत संपते. तेव्हाची फी कोणी भरायची, एवढे तरी त्याआधी लेखी कळवावे.

आपला,
एक ॲप विकसक
राजारामपुरी, कोल्हापूर