वाटाघाटींच्या दाराबाहेर बसलेल्या बायका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

युद्धबंदीच्या वाटाघाटींच्या बातम्या आपल्या दैनिकाच्या परदेश-पानावर मी नियमाने वाचते. कोणत्या गटाने कोणत्या अटी घातल्या आणि मध्यस्थी कोणी केली, हे त्यांत असते; त्याच काळात तिथल्या बायका काय करत होत्या, हे मात्र क्वचितच असते. ही उणीव किती मोठी आहे, ते लायबेरियाच्या उदाहरणावरून सांगावे म्हणून हे पत्र.

पश्चिम आफ्रिकेतल्या या लहानशा देशात १९८९ पासून २००३ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, यादवी चालू होती. दोन लाखांहून अधिक माणसे मेली, कोवळ्या मुलांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या आणि बलात्कार हे युद्धाचे हत्यार बनले. एप्रिल २००३ मध्ये राजधानी मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराशेजारच्या मैदानात ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून, अंगावर एकही दागिना न ठेवता, रोज उन्हापावसात येऊन बसू लागल्या. अध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्याने जात असे. विनाशर्त युद्धबंदी करा, वाटाघाटींना बसा आणि आंतरराष्ट्रीय शांतिसेना येऊ द्या, एवढ्याच त्यांच्या मागण्या होत्या.

या आंदोलनाला चमत्कार म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यामागे संघटनेचे काम होते. 'विपनेट' हे पश्चिम आफ्रिकेतील स्त्रियांचे शांतता-जाळे २००१ मध्येच उभे राहिले होते. लेमा ग्बोवी आणि त्यांच्या सहकारी शुक्रवारी मशिदीत, शनिवारी बाजारात आणि रविवारी चर्चमध्ये जाऊन बायकांशी बोलत. मैदानातली गर्दी त्या पायपिटीतून जमली होती.

जूनमध्ये घानातील अक्रा येथे वाटाघाटी सुरू झाल्या आणि आठवड्यांमागून आठवडे रेंगाळल्या. मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते आणि प्रतिनिधी हॉटेलांत राहत होते. तेव्हा जुलैत घानातल्या निर्वासित छावणीतील बायकांसह या स्त्रियांनी सभागृहाच्या दारातच हातात हात गुंफून ठाण मांडले. देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसून राहण्याला आपल्याकडे धरणे म्हणत; हे त्याच जातीचे होते. पहारेकरी अटक करायला आले, तेव्हा ग्बोवी अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. आईच्या वयाच्या बाईने असे करणे हा तिकडे पाहणाऱ्यांना लागणारा शाप समजला जातो. मध्यस्थ जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांना बाहेर येऊन बायकांशी बोलावे लागले आणि त्यानंतर चर्चेचा सूर बदलला. टेलर यांनी ११ ऑगस्टला देश सोडला आणि १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या.

पुढचे काम अधिक चिकाटीचे होते आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली गेली. डिसेंबरमध्ये निःशस्त्रीकरणाच्या पहिल्याच छावणीत गोंधळ आणि गोळीबार झाला, तेव्हा लढवय्या पोरांची समजूत घालायला याच बायका गेल्या. २००५ च्या निवडणुकीपूर्वी त्यांनी बाजारांत फिरून स्त्रियांची मतदार-नोंदणी केली आणि एलेन जॉन्सन सरलीफ आफ्रिका खंडातील पहिल्या निर्वाचित महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. २०११ चा नोबेल शांतता पुरस्कार सरलीफ, ग्बोवी आणि येमेनच्या तवक्कुल कारमान यांना विभागून मिळाला. तरीही लायबेरियाच्या संसदेत आजही स्त्रियांचे प्रमाण एक दशांशाच्या आसपासच आहे आणि यादवीतील अत्याचारांसाठी देशातच विशेष न्यायालय उभारण्याच्या प्रक्रियेला २०२४ उजाडावे लागले.

या कहाणीत आपलाही एक धागा आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांची तुकडी जानेवारी २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांतर्फे मन्रोव्हियात गेली. केवळ महिला पोलिसांची तुकडी संयुक्त राष्ट्रांनी अशा मोहिमेवर पाठवण्याची ती पहिलीच वेळ होती. २०१६ पर्यंत भारतीय महिला तिथे गस्त घालत होत्या. त्यांतल्या मराठी मुली आता कुठे आहेत, त्यांनी तिथे काय पाहिले, हे शोधून एखादी मुलाखत मालिका आपण छापावी, ही विनंती. शिवाय सुदान असो वा अन्य कोणताही देश, यापुढे शांतता-चर्चेची बातमी देताना चर्चेच्या टेबलाशी किती स्त्रिया बसल्या होत्या, एवढे एक वाक्य तरी त्यात असावे.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा