आधी मुक्कामाची जागा ठरवा, मग माणसं मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की शुक्रवारी रात्री तीन हात नाका, माजिवडा, वाशी, कळंबोली इथून ट्रेकच्या बसगाड्या सुटायला लागतात. त्यांच्या सूचना आपल्या पुरवणीतही येतात. त्यांत शुल्क असतं, निघायची वेळ असते, चढाईची श्रेणी असते, जेवणात काय मिळणार तेही असतं. रात्र नेमकी कुठे काढायची, तिथे पाणी किती आणि जागा किती माणसांची, हे मात्र क्वचितच असतं. ठाणे-नवी मुंबईतून गट घेऊन डोंगरात जाणारे आम्ही काही जण त्याबद्दलच लिहीत आहोत. नावनोंदणी सुरू करण्याआधी मुक्कामाची जागा पक्की करावी आणि तिला झेपतील तेवढीच नावं घ्यावीत, असं आमचं म्हणणं आहे. सध्या उलटं चालतं. आधी पंचेचाळीस आसनांची बस भरते आणि मग त्या पंचेचाळीस जणांना कुठेतरी निजवायचं असतं. कड्याच्या काठाला, ओढ्याच्या पात्रात, टाक्याच्या तोंडाशी तंबू लागलेले दिसतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा यातच असतं. चांगली जागा पहिल्या पंधरा-वीस जणांतच संपून गेलेली असते.

पहिला हिशोब पाण्याचा. पिणं, रात्रीचा स्वयंपाक, सकाळचा चहा-नाश्ता आणि परतीच्या वाटेवरच्या बाटल्या धरून माणशी किमान चार लिटर लागतं. पंचवीस जणांना शंभर लिटर झालं. झऱ्यावर मुक्काम ठरवायचा असेल तर पाहणीला गेलेल्याने घड्याळ लावून एक लिटरची बाटली भरून पाहावी. मिनिटभरात भरली तर शंभर लिटरला पावणेदोन तास लागतील. एकीकडे स्वयंपाक सुरू ठेवून ते जमतं. चार मिनिटं लागली तर साडेसहा तासांहून जास्त होतात. म्हणजे हा झरा सहा-सात जणांचा आहे, पंचवीस जणांचा नाही. शिवाय मार्चनंतर त्याच झऱ्यावर खालच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन येतात, त्यांचा हक्क आधी. पाहणीही त्याच ऋतूत आणि शक्यतो तीन आठवड्यांच्या आत झालेली हवी. नोव्हेंबरात काठोकाठ भरलेलं टाकं मार्चमध्ये तळाच्या हिरव्या गाळावर आलेलं असतं, आणि 'मागच्या वर्षी तर होतं की पाणी' एवढ्या आधारावर नेलेला गट रात्री आठ वाजता बाटल्या घेऊन गावाकडे उतरताना दिसतो. पाणी दुपदरी सुती कापडातून गाळून मगच उकळावं किंवा त्यात क्लोरीनची गोळी टाकावी. गोळीला अर्धा तास तरी द्यायला हवा. गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळातच खर्ची पडतो, म्हणून गाळणं आधी.

दुसरा हिशोब जागेचा. तिघांच्या घुमटी तंबूचा तळ साधारण दोन मीटर बाय दोन मीटर असतो, पण ताणदोऱ्या धरल्या की साडेतीन बाय तीन मीटर लागतात. चोवीस जणांचे आठ तंबू म्हणजे ८४ चौरस मीटर. चूल तंबूंपासून पाच मीटर तरी दूर हवी, आणि सॅक ठेवायला नि गोल करून बसायला जागा हवीच. सव्वाशे चौरस मीटर कुठे गेले नाहीत. ठाण्याच्या भाषेत सांगायचं तर तेराशे चौरस फूट कार्पेट, तेही सपाट! सह्याद्रीच्या सोंडेवर एवढा सपाट तुकडा सहज मिळत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीतल्या २० मीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे तंबूजोगी छोटी सपाटी त्यात दिसतच नाही. उपग्रहाच्या छायाचित्रात जे पठार गुळगुळीत वाटतं ते प्रत्यक्षात उघडा कातळ निघतं. म्हणून पायी जाऊन पाहण्याला पर्याय नाही.

जागा पाहताना जमीन वाचावी लागते. ओढ्याकाठच्या झुडपांत गुडघ्याइतक्या उंचीवर सुका पाचोळा, काटक्या, प्लॅस्टिकचे तुकडे अडकलेले दिसले तर मागच्या पुराचं पाणी तिथपर्यंत चढलं होतं असं समजावं. गवत एकाच दिशेने निजलेलं असेल तर तिथून पाणी वाहतं किंवा वारा झोडपतो. कड्याच्या पायथ्याशी काळ्या कातळावर ताजा, उजळ ओरखडा आणि खाली धारदार कडांचे दगड पडलेले असतील तर तिथे दगड येतात. वर माकडांची टोळी असेल तर हमखास येतात. मग खुंटी ठोकून पाहावी. ती चार बोटं मुरमात जाऊन ठणकन वाजली की खाली कातळ आहे हे कळतं. अशा ठिकाणी खुंट्यांचा नाद सोडून ताणदोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्यात, त्यासाठी प्रत्येक तंबूमागे पाच-सहा मीटर जादा दोरी न्यावी. उतार जोखायला अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवली की पुरते. आणि तंबू उघडण्याआधी त्या जागी दोन मिनिटं आडवं होऊन पाहावं. पाठीखालचा दगड तेव्हा सापडला तर हलवता येतो, मध्यरात्री सापडला तर सकाळपर्यंत सोबत करतो.

किल्ल्यांवर एक वेगळा फसवा प्रकार असतो. वर जी सपाटी दिसते ती पुष्कळदा जुन्या वाड्यांचे चौथरे असतात. त्यांच्या ढिल्या दगडांच्या फटींत विंचू, फुरसं, मण्यार यांचा वावर असतो. तंबूसाठी तेच दगड उपसले तर वास्तूचं नुकसान होतं, आणि हातही नेमका फटीत जातो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. उघड्यावर चटई टाकून झोपण्यापेक्षा चेन पूर्ण लावलेला तंबू बरा. खाऊच्या पिशव्या तंबूबाहेर उघड्या टाकू नयेत, कारण त्यांच्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

वाऱ्याबद्दल थोडं. खिंडीत सपाटी असली तरी तिथे तंबू लावू नये. दोन्ही बाजूंचा वारा तिथे चिंचोळ्यातून घुसतो आणि रात्री तंबूच्या काड्या वाकवतो. अगदी खोलगट जागाही टाळावी, कारण थंड हवा जड होऊन तिथे साठते आणि दवाने पहाटे तंबू आतून-बाहेरून ओला होतो. उतारावरचा थोडा वर असलेला टप्पा, पाठीला झुडपं आणि दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, अशी जागा बरी. झाडाखाली दव कमी पडतं, पण वर वाळकी फांदी नाही ना हे मान वर करून पाहावं.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा सगळ्यांनाच हवा असतो. कड्याच्या काठापासून तीस मीटरच्या आत एकही तंबू नको, असा आमचा आग्रह आहे. सूर्यास्त पाहताना काठ नीट दिसत असतो. प्रश्न रात्री दोन वाजता, धुक्यात, झोपेतून उठून लघवीला जाणाऱ्याचा असतो. त्यासाठी तंबूंची दारं कड्याकडे उघडू नयेत, शौचाची दिशा कड्याच्या विरुद्ध बाजूला ठरवावी आणि उजेड असतानाच प्रत्येकाला ती चालत नेऊन दाखवावी. काठाच्या बाजूने कमरेइतक्या उंचीवर पांढरी दोरी ताणली तर उत्तमच.

गुहा तयार मिळते म्हणून मोठे गट तिकडे वळतात. मुरबाडजवळच्या गोरखगडाची गुहा पंधरा-वीस जणांना ठीक आहे. पण समोर लगेच दरी आहे, त्यामुळे एकविसाव्या माणसाला कुठे झोपवणार याचं उत्तर आधी द्यावं. कड्याकपारीत आग्या मोहोळ आहे का, हे गुहेत शिरण्याआधी पाहावं. धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेख आहे. तिथे चूल पेटवून भिंतीवर काजळी धरवणाऱ्यांना काय म्हणावं, ते आपणच ठरवा.

शौचाचा विषय सूचनांत कुणी लिहीत नाही, आणि बिघडतं तिथेच. झरा, टाकं, ओढा यांपासून साठ मीटर, म्हणजे मोठी ऐंशी पावलं, दूर आणि पाण्याच्या खालच्या अंगाला वीतभर खोल खड्डा करून नंतर मातीने बुजवावा. गटामागे दोन खुरपी पुरतात. पण सह्याद्रीच्या पठारांवर कातळावर माती जेमतेम चार बोटं असते. तिथे खड्डा होतच नाही आणि तीस जणांची घाण पहिल्या पावसात सरळ टाक्यात उतरते. अशा पठारावर मोठा गट न्यायचाच नाही. त्याने गावात उतरावं, जिथे शौचालय आहे. भांडीही टाक्यात न बुडवता पाणी बाजूला काढून घासावीत.

डिसेंबरपासून गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीने वणवा लागतो. शेकोटी नकोच. स्टोव्हभोवती दोन मीटरचं गवत मातीपर्यंत साफ करावं आणि पाण्याचा कॅन हाताशी ठेवावा. राखीव वनात आग पेटवायला भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार बंदी आहे आणि अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर दोन्ही अभयारण्याच्या हद्दीत येतात, त्यामुळे मुक्कामाची परवानगी आधी विचारावी. ठाण्याचं येऊर आपल्या उशाशी असलं तरी तेही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच येतं.

पावसाळ्यात तंबूचा विचार सोडून द्यावा. परवानगी घेऊन गावातली पडवी, शाळा किंवा देऊळ पाहावं. पण गाव म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी डोंगराखाली गेली, ती दोन्ही नांदती गावं होती. वरच्या उतारावर नव्या भेगा, कललेली झाडं, एकाएकी लाल-गढूळ झालेला झरा यांतलं काही दिसलं तर रात्र तिथे काढू नये. अतिवृष्टीचा लाल इशारा असेल तर बस ठाण्यातच उभी राहू द्यावी. सांदण दरीसारख्या घळीत तर पावसाची नुसती शक्यता असली तरी मुक्काम नको. वर कुठे पाऊस पडतोय ते आत कळत नाही, आणि पाणी आल्यावर बाजूला व्हायला जागा नसते.

उन्हाळ्यात हिमालयात गट नेणाऱ्यांसाठी एवढंच. बर्फाचं पाणी संध्याकाळकडे वाढतं, म्हणून सकाळी कोरड्या दिसणाऱ्या पात्रात तंबू नको. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. उत्तराखंडातल्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये मनाई केली होती. तेव्हा जुन्या माहितीपत्रकातली मुक्कामाची ठिकाणं तशीच उतरवून घेऊ नयेत.

वेळ सांभाळली नाही तर हे सगळं कागदावर राहतं. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पंचवीस जणांच्या गटात पहिला आणि शेवटचा यांच्यात सहज तासाभराचं अंतर पडतं. म्हणून शेवटचा माणूस साडेचारला मुक्कामी पोचेल असं धरून निघण्याची वेळ मागे मोजत यावी. आघाडीच्या लीडरने आल्याबरोबर चूल, शौचाची दिशा आणि तंबूंच्या जागा खुणा करून वाटाव्यात, नाहीतर आधी येणारे सपाट जागा धरतात आणि दमून शेवटी येणाऱ्या नवख्याच्या वाट्याला काठ येतो. पाचपर्यंत जागा गाठली नाही तर थांबायचं कुठे, ही पर्यायी जागाही त्याच पाहणीत ठरलेली हवी. नवख्यांचा गट असेल तर मुक्कामापासून गाडीरस्ता दोन तासांच्या आत असावा. जखमीला उचलून आणताना तेच दोन तास पाच-सहा होतात. ११२ आणि १०८ ला फोन करण्यापुरती रेंज कुठल्या दगडापाशी येते आणि सर्पदंशावरची लस कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे, हे लीडरच्या वहीत लिहिलेलं असावं.

आपल्याकडे मागणं एवढंच, की ट्रेकची सूचना छापताना आयोजकाकडून चार गोष्टी मागून घ्याव्यात: मुक्कामाची नेमकी जागा, तिची क्षमता, पाण्याचा स्रोत आणि तो शेवटचा कधी पाहिला ती तारीख, आणि पर्यायी जागा. दोन ओळींत हे मावतं. पाहणीची तारीख देता येत नसेल, तर ती सूचना पुढच्या आठवड्यावर ढकलायला हरकत नाही.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही ट्रेक लीडर