पाळीच्या कळांवर उपचार आहेत, ते मुलींना शाळेतच सांगा

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

मासिक पाळीत नोकरदार महिलांना रजा द्यावी की नाही, यावर आपल्या दैनिकात पत्रे येत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारला राज्यांशी बोलून नमुना धोरण ठरवायला सांगितलं, बिहारमध्ये १९९२ पासून महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवस रजा आहे, हे मला त्या पत्रांमधूनच कळलं. रजा मिळाली तर चांगलंच आहे. पण ज्या दुखण्यासाठी ती मागायची, त्या दुखण्यावर उपचार आहेत हे एकाही पत्रात नव्हतं. मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, तालुक्याच्या गावी बारावीत शिकते. मला त्याबद्दल लिहायचं आहे.

माझी पाळी सातवीत सुरू झाली. सुरुवातीला काही त्रास नव्हता, नववीपासून कळा सुरू झाल्या. ओटीपोटात उठलेली कळ कमरेतून मांड्यांपर्यंत उतरते, हातपाय गार पडतात, उलट्या आणि जुलाब दोन्ही होतात. दहावीत असताना परिपाठाला उभ्या उभ्या चक्कर येऊन पडले. शाळेत सगळ्यांना वाटलं, पोरगी उपाशी आली असेल. मी कोणाला काही बोलले नाही, कारण ओळीत मुलंही होती.

आईवडील दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मी आणि धाकटा भाऊ आजीजवळ असतो. आजीने तिला ठाऊक होतं ते सगळं केलं. ओवा भाजून गुळाबरोबर दिला, चुलीत वीट तापवून फडक्यात गुंडाळून पोटाला लावली. शेकाने खरोखर बरं वाटतं. पण शेक घेत शाळेत बसता येत नाही आणि एसटीतून जाता येत नाही. कारखान्यावरून आईचा फोन आला की ती सांगायची, "गोळ्या खाऊ नको गं, सवय लागती. पुढं लेकरू होत नाही." आणि घरी येणाऱ्या सगळ्या बायकांचं म्हणणं एकच, लग्न झालं, एक बाळंतपण झालं, की आपोआप थांबतंय.

संपादक महोदय, हा सल्ला आमच्याकडे किती धोक्याचा आहे याचा विचार व्हावा. बीड जिल्हा बालविवाहांसाठी आधीच बदनाम आहे. आईवडील सहा-सहा महिने बाहेर, घरात वयात आलेली मुलगी, म्हणून लग्नाची घाई असतेच. त्यात पोट दुखतं हे आणखी एक कारण हातात द्यायचं? माझ्याबरोबर दहावीपर्यंत असलेल्या काही मुली आज वर्गात नाहीत. त्यातल्या एकीच्या कळा लग्नानंतरही थांबलेल्या नाहीत, हे तिनेच मला यात्रेत भेटल्यावर सांगितलं.

आधी आम्ही एका खासगी दवाखान्यात गेलो होतो. तिथे काही न विचारता सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, पैसे घेतले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग गावातल्या आशाताई मला आणि आजीला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथल्या बाई डॉक्टरांनी मला पहिल्यांदा प्रश्न विचारले. कळ पाळीच्या आधी येते की रक्त दिसल्यावर? किती दिवस राहते? दोन पाळ्यांच्या मधे दुखतं का? लघवीला, शौचाला बसताना दुखतं का? पॅड किती लागतात? त्या रोज किती मुलींना हे विचारत असतील माहीत नाही, पण मला माझ्या दुखण्याबद्दल तोवर कोणी असं सविस्तर विचारलं नव्हतं.

आम्ही सरकारी दवाखाना इतके दिवस टाळला होता तो एका भीतीने, की आतून तपासतील. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली त्याच भीतीने जात नाहीत. तसं काहीही झालं नाही. पोटावरून हाताने तपासलं, रक्त तपासलं, सोनोग्राफीही पोटावरूनच झाली. रक्त कमी निघालं, बाकी सगळं ठीक होतं.

मग त्यांनी आजीला आणि मला समोर बसवून सांगितलं. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात आणि त्यांच्यामुळे गर्भाशय आवळतं. ती जास्त प्रमाणात असली की गर्भाशय इतकं आवळतं की त्याच्या स्नायूला रक्त पुरत नाही, कळ तिथून येते. उलट्या आणि जुलाबही याच द्रव्यांमुळे होतात. सुरुवातीच्या पाळ्यांमध्ये बहुधा बीज तयार होत नाही, म्हणून तेव्हा दुखत नाही. ते नियमित होऊ लागलं की कळा सुरू होतात. म्हणजे नववीत मला कोणाची नजर लागली नव्हती.

गोळीबद्दल त्यांनी जे सांगितलं ते तर प्रत्येक मुलीला पाठ असायला हवं. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयबुप्रोफेन या गोळ्या ती द्रव्यं तयार होणंच कमी करतात. म्हणून त्या कळ सुरू होताच, किंवा पाळी आल्याचं दिसताच घ्यायच्या, काहीतरी खाऊन घ्यायच्या, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पहिले दोन-तीन दिवस वेळेवर घ्यायच्या. आमच्या मुली काय करतात? सोसवेल तितकं सोसतात. रडू कोसळलं की मेडिकलमधून आणलेली एक गोळी, तीही दोघींत अर्धी अर्धी, रिकाम्या पोटी. तोवर उलट्या सुरू झालेल्या असतात, गोळी बाहेर पडते, आणि मग त्या म्हणतात की गोळीने काही होत नाही. महिन्यातून दोन-तीन दिवस अशी गोळी घेतल्याने सवय लागत नाही, पुढे मूल व्हायलाही अडत नाही. हे डॉक्टरांनी आजीला सांगितलं आणि आजीने फोनवर आईला सांगितलं, तेव्हा कुठे आईचं समाधान झालं.

या गोळ्या सगळ्यांना चालतात असं नाही. पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, दमा असेल तर आधी डॉक्टरांना सांगावंच लागतं. २०२३ च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक अ‍ॅसिडमुळे क्वचित होणाऱ्या एका गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल सावध केलं होतं. गोळी घेतल्यावर पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, सूज असं काही दिसलं तर ती थांबवून डॉक्टरांकडे जायला हवं. आमच्याकडे मोबाइलवर ही बातमी "त्या गोळीवर बंदी आली" अशी फिरली आणि घाबरून मुलींनी गोळी टाकून दिली. बंदी आलेली नव्हती. नीट सांगणारं माणूस जवळ नसलं की असं होतं.

गोळ्यांनी भागलं नाही तर संप्रेरकांच्या गोळ्या देता येतात, असंही डॉक्टर म्हणाल्या. याच गोळ्या पाळणा लांबवायला वापरतात हे कळताच आजी खुर्चीवरून उठलीच. लग्न न झालेल्या पोरीला असली गोळी! डॉक्टर न चिडता म्हणाल्या, आजी, इथे ती दुखण्यावरचं औषध म्हणून देतात, आणि बंद केली की पाळी पुन्हा आपली आपण चालू होते. मला ती अजून लागलेली नाही. पहिला दिवस आजही जड जातो, पण मी वर्गात बसते, चाचणी परीक्षा देते, एसटीतून घरी येते.

माझ्या एका मैत्रिणीचं मात्र असं झालं नाही. तिला पाळीच्या चार दिवस आधीपासून दुखायचं, शौचाला बसताना दुखायचं, पाळी संपली तरी थांबायचं नाही. गोळ्या नीट वेळेवर घेऊनही फरक पडला नाही, तेव्हा तिला अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. एंडोमेट्रिओसिस निघालं, अंडाशयावर गाठ होती. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो हा आजार. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात सुमारे १९ कोटी स्त्रियांना तो आहे, म्हणजे पाळीच्या वयातल्या दहांत एकीला, आणि निदान व्हायला अनेकींची कित्येक वर्षं जातात. सोनोग्राफीत काही दिसलं नाही तरी तो असू शकतो. दोन-तीन महिने औषध नीट घेऊनही कळ कमी होत नसेल, किंवा ती दर महिन्याला वाढत असेल, तर "नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवू नये, पुढे तपासणीला पाठवावं, एवढंच माझं डॉक्टरांना मागणं आहे.

आता मी ज्यासाठी लिहायला बसले ते. २०१९ मध्ये आमचा जिल्हा पिशवी काढलेल्या बायकांमुळे देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. माझी चुलती त्यांच्यासारखीच एक. तिशी नुकती ओलांडली होती. पोट दुखायचं, अंगावरून जायचं, फडात एक दिवस खाडा पडला की उचलीतून पैसे कापले जायचे. खासगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. काढली. आता तिचे सांधे दुखतात, अंगातून वाफा निघतात, मोळी उचलवत नाही. ती मला म्हणाली, "तुझ्याएवढी होते तवापास्नं दुखायचं मला. कोणाला बोलले न्हाई."

हे एवढंच माझ्या डोक्यातून जात नाही. तिला चौदाव्या-पंधराव्या वर्षी कोणी साधी गोळी कशी घ्यायची ते सांगितलं असतं, दुखणं कोणत्या प्रकारचं आहे ते तपासलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण दुखणं अंगावर काढायचं हे ती माझ्याच वयात शिकली, आणि त्या दुखण्यावर तिला डॉक्टरांकडून पहिल्यांदा ऐकायला मिळालं ते थेट शस्त्रक्रियेबद्दल.

शाळेत आम्हाला पाळीबद्दल काही सांगतच नाहीत असं नाही. राज्य सरकारची अस्मिता योजना २०१८ मध्ये आली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देण्याची. २८ मे च्या मासिक पाळी स्वच्छता दिनानिमित्त व्याख्यानही झालं. पॅड किती तासांनी बदलायचं, कुठे टाकायचं, हात कसे धुवायचे. चांगलंच होतं. पण दुखण्यावर एक वाक्य नव्हतं. आठवड्याला बाई वर्गात लोहाची निळी गोळी देतात आणि समोर खायला लावतात. त्याच वेळी "कोणाला पाळीत शाळा बुडवावी लागते का?" एवढं विचारायला किती वेळ लागेल? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, डोळे, दात, वजन पाहतं. त्यांच्या तपासणीत पाळीच्या दुखण्याचा प्रश्न असावा. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक आहेत. मला ती आहेत हे रुग्णालयात गेल्यावर भिंतीवर वाचून कळलं. क्लिनिक कुठल्या वारी, कुठल्या खोलीत असतं, याचा कागद प्रत्येक शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूने लावावा. तिथे तो वाचताना कोणी पाहत नाही.

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. तेव्हा आमच्यापैकी अनेकींच्या आया कारखान्यावर असतील. आपल्या दैनिकाने परीक्षेआधी एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून अर्धं पान लिहून घ्यावं, गोळी कधी घ्यायची, कोणी घेऊ नये, कधी दवाखाना गाठायचा, साध्या भाषेत. आमच्या वाचनालयात आपला अंक येतो. ते पान कापून वर्गात लावायची जबाबदारी माझी.

आपली नम्र,
इयत्ता बारावीची एक विद्यार्थिनी, जि. बीड

(आजीच्या इच्छेवरून नाव छापू नये, ही विनंती.)