कासवरून दवबिंदू उपटून आणण्यापेक्षा बी पेरा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत कासच्या फुलांवरचा लेख आला होता, फोटो मस्त होते, पण दवबिंदू नावाच्या रोपाच्या फोटोखाली "कीटक खाणारी अद्भुत वनस्पती" एवढंच छापून सोडून दिलंत आणि नेमकं तेच वाचून लोक ती घरी आणायला बघतात. मागच्या सप्टेंबरला मी स्वतः पाहिलं, एक काका खिशातली किल्ली काढून सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, नाण्याएवढा लाल दवबिंदू मातीसकट उकरत होते आणि बायको पिशवी धरून उभी. हटकलं तर म्हणाले एकच तर घेतोय, घरात डास फार झालेत! अहो त्या पानावर चिलटं, बारीक माश्या चिकटतात, त्याने घरातले डास कमी होत नाहीत. आणि घरी आणून ते जगतही नाही, कारण जांभ्याच्या सड्यावर मातीत नत्र जवळजवळ नसतंच, म्हणून तर बिचारं किडे धरतं, आणि आपण त्याला कुंडीतली शेणखताची माती देतो. 2012 पासून कास जागतिक वारशात आहे, तिथून उपटणं बरोबर नाही हे वेगळं सांगायला नको.

हौसच असेल तर बी पेरा. मी तीन वर्षं करतोय, तेही सड्यावरचं बी आणून नाही, दक्षिण आफ्रिकेतला केप सनड्यू म्हणून दवबिंदूचाच एक प्रकार आहे तो घरात सगळ्यात सोपा, हौशी लोकांकडे त्याचं बी मिळतं. ऑनलाइन घेताना जपून, मला पहिल्या पाकिटात मोहरीएवढे दाणे आले, उगवलं ते भलतंच काहीतरी. खरं बी म्हणजे काळी धूळ, शिंकलात तर गेलं. कागदाला घडी पाडून त्यात घ्यायचं, पंखा बंद करायचा आणि ओल्या पीट मॉस (दलदलीतलं वाळलेलं शेवाळ) आणि वाळूच्या मिश्रणावर टिचकी मारत सोडायचं, वर माती अजिबात घालायची नाही कारण त्याला उजेड लागतो. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायची म्हणजे खालून ओल चढते. हे सगळं मी आईला सांगितलं नव्हतं, तिने प्रेमाने झारीने पाणी घातलं आणि माझं सगळं बी एका कोपऱ्यात वाहून गेलं, वर दुसऱ्या दिवशी तांदूळ धुतलेलं पाणी, झाडांना चांगलं असतं म्हणून! त्या कुंडीवर नुसती बुरशी आली.

पाण्याचं तर विचारूच नका. आमच्याकडे बोअर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर 600 च्या पुढे आकडा, आणि याला लागतं 50 च्या आतलं. घरच्या आरओवर विसंबलो तर त्यात चवीसाठी थोडं साधं पाणी परत मिसळतात हे मीटर लावल्यावर कळलं. शेवटी पावसाळ्यात गच्चीवर ड्रम लावला.

तीन-चार आठवड्यांनी टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके दिसले, भिंग लावलं तर त्या इवल्याशा पानांवरसुद्धा डिंकाचे थेंब! मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं, मुलगा म्हणाला बाबा यात काय बघायचं. नंतर वर्षभर धीर धरावा लागतो, खिमा-बिमा भरवू नका, पान सडतं, आणि खत तर नकोच.

एक राहिलंच. आपला सड्यावरचा दवबिंदू फुलं-बी देऊन पावसाळ्यानंतर वाळतो, ते त्याचं आयुष्यच तेवढं असतं. म्हणजे काकांनी नेलेलं रोप नुसतं कुंडीत मेलं असं नाही, त्याचं पुढच्या वर्षीचं बीसुद्धा सड्यावर पडलं नाही. पुढच्या वेळी फोटोखाली एवढी एक ओळ टाकाल का?

आपला नियमित वाचक,
चिंचवड