साहित्याच्या प्रकारांविषयी श्रीधरला

सातारा,
दि. १८ जून

प्रिय श्रीधर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा पोहोचले. निवृत्त झाल्यावर तू गावातल्या वाचनालयाचा सभासद झालास, हे वाचून फार बरे वाटले. तिथल्या कपाटांवरच्या 'कादंबरी', 'ललित', 'चरित्र', 'संकीर्ण' अशा पाट्या पाहून तू गोंधळलास आणि साहित्य कशाला म्हणायचे, त्याचे मुख्य प्रकार कशावरून ठरतात आणि आपण सुरुवात कुठून करावी, असे तीन प्रश्न एका दमात विचारलेस. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला नेमकी व्याख्या हवी असणार, हे मी ओळखून आहे. पण व्याख्येच्या बाबतीत तुझी थोडी निराशा होईल. ज्या लेखनात मजकुराइतकेच तो सांगण्याच्या रीतीला महत्त्व असते आणि जे माहिती कळून चुकल्यावरही पुन्हा वाचावेसे वाटते ते साहित्य, एवढ्यावर तूर्त भागव. प्रकारांचे क्रमिक पुस्तकातले उत्तरही सोपे आहे: काव्य, कथा-कादंबरी, नाटक आणि ललित गद्य. परंतु एवढ्याने तुझे समाधान होणार नाही, कारण हे प्रकार असेच का झाले, याचा त्यात पत्ताच नाही.

माझे मत असे आहे की कोणताही साहित्यप्रकार समजून घ्यायचा तर तो मूळ कोणासाठी रचला गेला आणि त्या माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला, हे आधी विचारावे. आपल्या जुन्या काव्यशास्त्राने सगळ्या काव्याचे दृश्य आणि श्राव्य असे दोनच भाग केले, म्हणजे रंगभूमीवर पाहायचे ते एक आणि कानांनी ऐकायचे ते दुसरे. एकट्याने खोलीत बसून मुकाट्याने वाचणारा तुझ्यामाझ्यासारखा वाचक त्या विभागणीत कुठेच नाही. तो छापखान्याबरोबर आला आणि आपल्याबरोबर नवे प्रकार घेऊन आला.

कानासाठी रचलेल्या साहित्याची बांधणी कशी असते, ते एका ओवीत पाहा. ज्ञानेश्वरीच्या शेवटी असे आले आहे: 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥'. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०. सांगणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा, ही सगळी व्यवस्था त्या ओवीतच नोंदली आहे. आता तिचा आकार बघ. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी एकच यमक येते, चौथा चरण आखूड असतो आणि यमक सोडून देतो. तीनदा तोच नाद कानावर पडल्यावर श्रोता चौथ्यांदा त्याची वाट पाहतो, आणि नेमका तिथे तो येत नाही; एक विचार संपला, हे न सांगता कळते. चरणातल्या अक्षरांचे बंधनही सैल असल्यामुळे गीतेवरच्या निरूपणासारखा मोठा आणि अवघड विषय हजारो ओव्यांतून न अडखळता पुढे नेता येतो. बायका दळताना ज्या ओव्या म्हणत, त्यांची घडण याहून वेगळी असली तरी त्यांनाही अशीच मोकळीक होती.

अभंगाचे गणित याहून काटेकोर आहे, आणि ते तुला आवडेल. तुकोबांचे 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवूनिया' बोटांवर मोजून पाहा. जोडाक्षर एकच धरायचे आणि ऱ्हस्वदीर्घाकडे लक्ष द्यायचे नाही. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे भरतील, आणि 'विटेवरी' व 'कटावरी' हे दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळलेले दिसेल. वारकऱ्यांच्या टाळावर हे माप इतके चपखल बसते की अक्षरओळख नसलेल्या माणसालाही एखादे अक्षर कमीजास्त झालेले तत्काळ खटकते. शेकडो वर्षे हे अभंग मोठ्या प्रमाणावर तोंडपाठ राहिले, त्यामागे श्रद्धा होतीच, पण ही घडणही होती. पोवाड्याचे काम निराळे. डफ-तुणतुण्यावर उभ्या उभ्या जमावाला प्रसंग ऐकवायचा, म्हणून त्याची चाल वेगवान आणि घटनांचा क्रम सरळ. अज्ञानदासाचा अफजलखान-वधाचा पोवाडा शिवकाळातलाच आहे.

जुने मराठी गद्यसुद्धा बरेचसे बोलण्यातूनच आले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातल्या माणसांना विचारून विचारून आठवणी गोळा केल्या आणि तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले. त्यातल्या लहान लहान लीळा वाचताना, कोणी तरी शेजारी बसून सांगत आहे, असे वाटत राहते. बखरी तर साहित्य म्हणून लिहिल्याच नव्हत्या. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले, ते दरबाराच्या उपयोगासाठी. आज आपण ते इतिहासाइतकेच त्यातल्या ठसठशीत, तुटक वाक्यांसाठी वाचतो. साहित्याची कुंपणघट्ट व्याख्या मी टाळली ती यामुळेच.

कादंबरी मात्र सर्वस्वी छापखान्याची लेक. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे, पण तो प्रकार खऱ्या अर्थाने घराघरात गेला तो हरिभाऊ आपट्यांमुळे. त्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः प्रसिद्ध केली. यमू ही विधवा आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते. आता विचार कर: सासरचा छळ, नवऱ्याचे प्रेम, वैधव्यातले हाल या गोष्टी त्या काळात एखाद्या बाईने कीर्तनाला जमलेल्या मंडळीसमोर सांगणे शक्य होते काय? पण अंक हातात घेऊन एकटीने वाचणाऱ्या बाईच्या कानात यमू हे सगळे सांगू शकत होती. कादंबरीचे बळ तिच्या लांबीपेक्षा या खासगीपणात अधिक आहे, असे मला वाटते. साप्ताहिकाचे हप्तेही मजकुराला आकार देतात, कारण पुढचा अंक घेण्याची ओढ लागावी अशा बेताने लेखकाला थांबावे लागते.

कथेचेही तसेच. मासिकाच्या ठरावीक पानांत मावणारी आणि एका बैठकीत संपणारी गोष्ट म्हणून ती वाढली. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून दिवाळी अंक हे मराठी कथेचे हक्काचे माहेर झाले. १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर या मंडळींनी तिचा रोख बदलला: घटना लहान होत गेली आणि माणसाच्या मनात जे चालते ते मोठे झाले. मराठीची कथा तिच्या कादंबरीहून सरस आहे, असे माझे आपले एक मत. त्यावर तू भांडायला मोकळा आहेस.

नाटकाविषयी एकच गोष्ट सांगतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा रचलेली असत ती पदे, आणि ती सूत्रधार गाई. संवाद पात्रे आयत्या वेळी आपापल्या वकुबाप्रमाणे बोलत. उलट जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' पूर्ण संवादांसह लिहून ठेवले, परंतु मराठी ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि ते छापून यायला शतकाहून अधिक काळ जावा लागला. एकाला प्रयोग होता पण संहिता नव्हती, दुसऱ्याला संहिता होती पण प्रयोग नव्हता. म्हणून नाटकाचे पुस्तक वाचताना कोण कुठे उभा आहे, एक बोलत असताना दुसरा कोण गप्प आहे, हे मनाशी मांडत जा.

उरले ललित गद्य, आणि तुमच्या वाचनालयाच्या 'संकीर्ण' कपाटात बहुधा हेच कोंबलेले असेल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली ती वाद घालण्यासाठी. पुढच्या पिढ्यांनी तोच निबंध गप्पांइतका हलका केला. माझा जीव अधिक रमतो तो आत्मचरित्रात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त स्वतःच्या दुःखावरही हसण्याची जी ताकद आहे, ती शिकून येणारी नव्हे. दया पवारांच्या 'बलुतं'ची (१९७८) रचनाच पाहण्यासारखी आहे: शिकूनसवरून शहरात स्थिरावलेल्या दया पवारांना दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो, आणि हे दोघे एकच. जे भोगले ते विसरून पुढे जाऊ पाहणारा आणि त्याला तसे जाऊ न देणारा, अशी एकाच माणसाची फूट त्या मांडणीमुळे पहिल्या पानापासून समोर राहते. सरळ 'मी'ने सांगितले असते तर हे साधले नसते. कपाटावर 'आत्मचरित्र' अशी पाटी असली तरी ते पुस्तक कादंबरीची युक्ती वापरते, आणि पाट्यांवर फार विसंबू नये ते यासाठीच. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. ते कवितांच्या कपाटात असेल, पण वाचावे मोठ्याने.

सुरुवातीचे म्हणशील तर ग्रंथपालांकडून आधी 'स्मृतिचित्रे' माग. वाक्ये साधी आहेत, प्रसंग लहान आहेत, आणि वहिनींनाही वाचून दाखवता येईल. त्यानंतर माडगूळकरांचा एखादा कथासंग्रह घे, आणि मगच हरिभाऊंकडे जा, कारण त्यांची लांब वाक्ये सोसायला थोडी सवय लागते. ज्ञानेश्वरी घेतलीस तर सार्थ प्रतच घे आणि रोज पाच-दहा ओव्यांच्या वर जाऊ नकोस. दिवाळीला येशील तेव्हा माझ्याकडचे जुने दिवाळी अंक तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. मात्र ते परत करायचे, हे आत्ताच सांगून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

तुझा,
वसंत