बॅग भरण्याआधी हे वाच
मेलबर्न

प्रिय आई,
सा. न.

फोनवर तू दर वेळी तेच विचारतेस, आणि मागे अण्णा, वहिनी, कधी शेजारच्या काकूसुद्धा बसलेल्या असतात. मग मी "बरी आहे" म्हणून विषय बदलते. शौचाच्या गोष्टी स्पीकरवर किती बोलणार? म्हणून हे पत्र. आधी तू वाच, मग अण्णांना यातलं किती सांगायचं ते तुझं तू ठरव.

तुझा प्रश्न असा, की पोट सारखं बिघडतंय तर बाळाच्या अंगी काय लागणार? लागतंय, आई. माझं दुखणं म्हणजे आयबीएस, इरिटेबल बाउल सिंड्रोम. त्यात आतड्याला जखम नसते, अल्सर नसतो. आतड्याची चाल बिघडते आणि साधा गॅससुद्धा कळ आल्यासारखा जाणवतो. जेवणातलं सत्त्व लहान आतड्यातच शोषलं जातं. माझा तमाशा बहुतेक त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात. मिडवाइफ, म्हणजे इथली शिकलेली सुईण, दर भेटीत शिंप्याची असते तसली टेप काढून ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत मोजते. जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर यायला हवेत. येतात. गेल्या वेळी टेप गुंडाळता गुंडाळता ती "लव्हली" म्हणाली. इथे सगळंच लव्हली असतं म्हणा, पण आकडा बरोबर होता.

बदललंय ते वेगळंच. कॉलेजात पेपरच्या सकाळी मी घरातून निघेपर्यंत किती वेळा आत-बाहेर करायची, तुला आठवत असेल. आता त्याच्या उलट. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं, त्याने आतड्याचे स्नायू सैल पडतात आणि सगळं संथ होतं. त्यात लोहाच्या गोळ्या. काही दिवस नुसतं फुगलेलं पोट, आणि मग एका दिवशी एकदम सुटतं. डॉक्टरांनी गोळी दिवसाआड केली, तेव्हापासून जरा उसंत आहे. रात्री इसबगोल घेते, वर मोठा पेला भरून पाणी. गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवते, नाहीतर लोह अंगी लागायचं नाही. कमोडपुढे पाय ठेवायला निखिलने एक बुटका स्टूल आणलाय. त्याचा उपयोग औषधांइतकाच होतो, हसू नकोस.

आजीला मात्र नीट समजावून सांग: एरंडेल नाही म्हणजे नाही. त्याने गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात. सोनामुखीचं चूर्णही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल मी पूर्वी घ्यायचे, त्याही सध्या बंद ठेवायला सांगितल्यात.

खाण्याचं आता ऐक, कारण तुझा खरा जीव तिथेच अडकलाय. कांदा, लसूण, गहू, छोले-राजमा, दूध यांत काही शर्करा अशा असतात की त्या नीट शोषल्या जात नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि गॅस धरतात. त्यांना मिळून फॉडमॅप म्हणतात. त्यावरचा आहार इथल्याच मोनॅश युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २००५ च्या सुमारास बसवला. पण मूळ पद्धतीत आधी हे सगळं बंद करतात आणि मग एकेक परत सुरू करतात, तसं गरोदरपणात मनाने करायचं नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलंय की जे नक्की बाधतं तेवढंच सोडा, बाकी खा. त्यामुळे दूध सोडलेलं नाही, लॅक्टोज, म्हणजे दुधातली ती शर्करा, काढलेलं मिळतं ते घेते.

आणि ज्वारी चालते! सोलापूर सोडून इतकी लांब आले, तर इथल्या बाई सांगतात की गव्हापेक्षा ज्वारी बरी. पीठ इथल्या डँडेनाँग उपनगरात देशी दुकानात मिळतं. आपल्या मालदांडीची चव नाही, भाकरी थापताना कडेला चिरा जातात, पण पोटाला मानवते. लसणाची युक्तीही त्यांचीच. ती शर्करा पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. म्हणून तेलात लसूण लालसर परतायचा, पाकळ्या झाऱ्याने काढून टाकायच्या आणि मगच मोहरी-हिंग घालायचं. वरणाला घमघमाट तोच येतो. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग. वहिनी म्हणेल, असलं काय जेवण! तिला म्हणावं, येऊन खाऊन बघ.

साखरेच्या तपासणीची मला धास्ती होती. उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तास तिथेच बसायचं, मधून मधून रक्त काढतात. मी दाराजवळची खुर्ची धरली, टॉयलेट कुठंय ते आधी पाहून ठेवलं, आणि काही झालं नाही. इथल्या लोकल गाड्यांत टॉयलेट नसतं, त्यामुळे बाहेर पडताना पोटापेक्षा डोकंच जास्त बिघडतं. पण सरकारने देशभरच्या सार्वजनिक टॉयलेटचा नकाशा केलाय, फोनवर दिसतो. तो उघडून बघितला की निम्मी घाई तिथेच ओसरते. आतड्याचं आणि मनाचं साटंलोटं आहे, हे डॉक्टरही मानतात.

एक गोष्ट तू आल्यावर तुलाही माहीत हवी. पोटातली नेहमीची कळ गॅस गेला किंवा शौचाला झालं की उतरते. कळ ठरावीक अंतराने येत राहिली, पोट दगडासारखं घट्ट झालं, रक्त दिसलं, पाणी गेलं, ताप आला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर आयबीएस म्हणून सोडून द्यायचं नाही, लगेच प्रसूतिगृहात फोन. नंबर फ्रिजवर लावलाय. माझं ऐकू नकोस, मी "थांब गं जरा" म्हणेन.

आता बॅग. डिंकाचे लाडू आणू नकोस, बाळंतपणानंतर माझ्या पोटाचा रंग बघून इथेच करू. शेंगाचटणी आण, बिनलसणाची, आणि विमानात कार्ड देतात त्यावर खाण्याची प्रत्येक वस्तू लिही, अगदी ओवा-बाळंतशोपासुद्धा. लपवलं तर मोठा दंड आहे. दुधातुपाचं काही नको. जुन्या लुगड्यांची दुपटी मात्र भरपूर आण, जागा उरली तर आजीची गोधडी. तुझ्या बीपीच्या गोळ्या पुरतील एवढ्या घे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

मैत्रिणी पुढच्या रविवारी डोहाळजेवण करतायत. पुरणपोळीचा बेत आहे, म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि गहू एकत्रच. अर्धी खाणार आहे, वर तूप. सोमवारी रजा टाकलीय.

अण्णांना आणि आजीला नमस्कार, वहिनीच्या पिल्लाला पापा.

तुझी,
मनू

ता. क. : अण्णांना सांग, विम्याचे कागद निखिलने मेल केलेत. प्रिंट काढून तुझ्या पर्समध्ये ठेवायचेत, बॅगेत नाही.