मूळ ठेवपावती हातची सोडू नका

संपादक महोदय,

पतसंस्थेतली ठेव मुदत संपूनही परत मिळत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाकडे पहिल्यांदा मागावी लागते ती मूळ ठेवपावती. अनेकदा नेमकी तीच त्याच्याकडे नसते. ‘नूतनीकरण करून देतो’, ‘हिशेबाला लागेल, ठेवून जा’ असे सांगून शाखेत ती जमा करून घेतलेली असते आणि बदल्यात साधी चिठ्ठीही दिलेली नसते. पैसे हातात पडत नाहीत तोवर मूळ पावती द्यायचीच नाही. द्यावीच लागली तर तिच्या झेरॉक्सवर ‘मूळ पावती मिळाली’ एवढे शब्द, तारीख, सही आणि संस्थेचा शिक्का घ्यावा. शिक्का देत नसतील तर पावती घेऊन सरळ घरी यावे.

सोलापूरच्या अशोक चौक, साखर पेठ, विडी घरकुल या भागांत दुखणे पिग्मीचे, म्हणजे रोजच्या बचतीचे. यंत्रमागावरच्या आठवड्याच्या पगारातून, विडीच्या मजुरीतून रोज थोडी रक्कम एजंटाकडे जाते आणि तो स्वतःच्या हाताने कार्डावर आकडा लिहितो. संस्थेच्या खातेवहीत तो चढला की नाही, हे खातेदाराला वर्षअखेरीस कळते. वाद झाला की संस्था म्हणते, ‘एजंटाने भरणाच केला नाही.’ म्हणून महिन्यातून एकदा शाखेत जाऊन शिक्क्याचा खातेउतारा घ्यावा आणि कार्डाशी ताडून पाहावा. कार्डावर संस्थेचे नाव आणि एजंटाची सही असेल तर ती जबाबदारी संस्थेला सहज झटकता येत नाही.

आता तारखेचा मुद्दा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे ग्राहक आयोगातल्या तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या तोंडी वायद्यांत ती कधी सरते, कळतही नाही. ठेव परत मिळेपर्यंत कारण चालूच राहते असे काही निकाल आहेत, पण त्यांच्या भरवशावर बसणे धोक्याचे. मुदत संपल्यावर महिनाभरात लेखी मागणी करावी. शाखा आणि मुख्य कार्यालय, दोन्ही पत्त्यांवर पोस्टाची पोच मिळेल अशा रीतीने पत्र पाठवावे, पोच जपावी. संस्थेने ‘अडचण आहे, हप्त्याने देऊ’ असे लेखी कळवले तर तो कागद सोन्यासारखा, कारण त्यात देणे कबूल झालेले असते. धनादेश दिला आणि वटला नाही, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस आणि त्यानंतर महिन्याच्या आत फौजदारी तक्रार. इथे एक पायरी चुकली तरी ती वाट अवघड होते.

ठेव म्हणून भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. ५० लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्ह्यातच चालतात. वकील सक्तीचा नाही. संस्था पुण्या-मुंबईची असली तरी तक्रारदार सोलापुरात राहत असेल तर तक्रार सोलापुरातच करता येते. अर्जात प्रत्येक पावतीचा क्रमांक, तारीख, रक्कम, व्याजदर, मुदतपूर्तीची तारीख आणि त्या दिवशीची रक्कम ओळीने लिहावी. संयुक्त नावाची पावती असेल तर दोघांच्या सह्या हव्यात. मुदतपूर्तीची रक्कम, तिथून पैसे मिळेपर्यंतचे व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च हे चारही स्पष्ट मागावेत. जे मागितलेले नाही, ते सहसा मिळत नाही. संस्थेला लेखी म्हणणे मांडायला ३० आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात.

संचालकांना सरसकट प्रतिवादी करण्याची घाई मात्र नडते. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली चौकशी होऊन जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय त्यांच्याकडून वैयक्तिक वसुली टिकणे कठीण असते, म्हणून त्या चौकशीची मागणी सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे वेगळी करावी. संस्थेवर अवसायक, म्हणजे ती गुंडाळणारा अधिकारी, नेमला असेल तर तिच्याविरुद्ध कारवाईला त्याच कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे निबंधकांची परवानगी लागते आणि जाहीर नोटिशीतल्या मुदतीत दावाही नोंदवावा लागतो.

ग्राहक आयोगाचा निकाल लागला म्हणून पैसे आले, असे होत नाही. खरी दमछाक तिथूनच सुरू होते आणि बरेच ठेवीदार तिथेच थांबतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते. आदेशाची मुदत टळताच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली दंडाचा अर्ज करावा. कलम ७२ मध्ये १ महिना ते ३ वर्षे कैद, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. वसुलीच्या अर्जासोबत संस्थेच्या जागेचा गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक आणि बँक खाती द्यावीत, नाहीतर जप्ती नेमकी कशावर आणायची हाच प्रश्न पडतो. फसवणूक उघड असेल तर १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जावे. त्यात मालमत्ता जप्त होऊन विशेष न्यायालयामार्फत सर्व ठेवीदारांत वाटप होते. वेळ लागतो, पण एकट्याला न झेपणारी लढाई तिथे सामूहिक होते.

सराफांच्या ११ हप्त्यांच्या योजनांबद्दल एवढेच: कंपन्यांच्या ठेव नियमांत आगाऊ रकमेच्या बदल्यात ३६५ दिवसांत माल द्यावा लागतो, नाहीतर ती ठेव ठरते, म्हणून हप्ते ११. त्याहून लांबलेली योजना दिसली तर सावध व्हावे.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवीदारांना ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचा आधार होता. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नसतो. बँक आणि पतसंस्था यांतला हा फरक पैसे भरताना काउंटरवर कोणी सांगत नाही. आमची जिल्हा उपनिबंधकांकडे मागणी आहे की, ‘या ठेवीला विमा नाही’ हे वाक्य आणि त्या वर्षीचा लेखापरीक्षणाचा वर्ग, म्हणजे तपासणीत संस्थेला मिळालेली श्रेणी, प्रत्येक पतसंस्थेच्या काउंटरवर ठळक फलकावर लावणे सक्तीचे करावे. आपले शहर पाहता तो फलक मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही हवा.

— ग्राहक मार्गदर्शनाचे काम करणारे कार्यकर्ते, सोलापूर